पक्ष बदलणाऱ्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल कोर्टानेच का देऊ नये?

तळटीप: तेलंगणाच्या निकालावर इथे कुणी लिहिलंय की ‘३१ जुलै २०२५ला सुप्रीम कोर्टाने अध्यक्षांना तीन महिने देऊन हात झटकले, पक्ष बदलणाऱ्या बीआरएसच्या (भारत राष्ट्र समिती) दहा आमदारांना थेट घरी पाठवायला हवं होतं.’ हे वाचून राहवलं नाही. पक्षांतरबंदीवरच्या किहोटो निकालापासून, म्हणजे १९९२पासून, विधानसभेचा अध्यक्ष हा लवाद, म्हणजे पहिला निवाडा देणारा, आहे. पुरावा त्याने घ्यायचा, कोर्टाने नंतर तपासायचं. पहिला निवाडाच सुप्रीम कोर्टाने दिला तर त्याविरुद्ध दाद कुठे मागणार?

रोखठोक: २००७चा राणा निकाल वाचा. उत्तर प्रदेशातले बसपचे १३ आमदार सुप्रीम कोर्टानेच अपात्र ठरवले, कारण प्रकरण परत पाठवलं असतं तर विधानसभेची मुदतच संपली असती. २०२०मध्ये मणिपूरच्या अध्यक्षांनी चार आठवडे वाया घालवले, तेव्हा कोर्टाने राज्यघटनेचं कलम १४२ (पूर्ण न्यायासाठीचा विशेष अधिकार) वापरून पक्ष बदललेल्या मंत्र्याला सभागृहात यायला बंदी केली. कोर्टाला येतं सगळं.

तळटीप: राणामध्ये पक्षातली फूट मान्य केल्याचा अध्यक्षांचा आदेश कोर्टापुढे होता. तेलंगणात सात महिने नोटीससुद्धा निघाली नव्हती. काय तपासणार?

मुद्देसूद: नोटीस नीट काढणं महत्त्वाचंच. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली तेव्हा महाराष्ट्र विधानसभेच्या उपाध्यक्षांनी शिंदे गटाच्या आमदारांना उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत दिली. १९८६च्या नियमांत सात दिवस आहेत. कोर्टाने मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली आणि ३ जुलैला नवे अध्यक्ष आले. घाईने घात केला.

कायदेपंडित: त्याहून मोठा घोळ व्हिपचा, म्हणजे कसं मत द्यायचं या पक्षादेशाचा. ११ मे २०२३ला घटनापीठाने सांगितलं की प्रतोद (व्हिप काढणारा) राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष, म्हणजे आमदारांचा गट, नाही. शिंदे गटाचे प्रतोद गोगावले यांची नेमणूक बेकायदा. १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी आमदारांच्या संख्येवरून खरा पक्ष ठरवला आणि गोगावले पुन्हा वैध! शिवाय व्हिप प्रत्यक्ष बजावल्याचा पुरावा नाही म्हणून ठाकरे गटाचे आमदारही वाचले. व्हॉट्सअॅपवर विसंबून राहिलं की हे होतं. व्हिप लेखी हवा, कोणत्या ठरावावर कसं मत द्यायचं ते त्यात स्पष्ट हवं, आणि प्रत्येकाची सही असलेली पोच हवी. आमदार भेटला नाही तर निवासस्थानी साक्षीदारांसमोर चिकटवायचा. अपात्रतेचा अर्जही दिवाणी दाव्यासारखा सत्यापन करून. व्हिप मोडल्याचं पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं की अपात्रता लागत नाही, ती तारीखही सांभाळायची.

रोखठोक: २०२२मध्ये शिंदे गटाचे आमदार गुवाहाटीत, आणि पोच मुंबईत घ्यायची? हा कायदा पळून जाणाऱ्यालाच सांभाळतो.

कायदेपंडित: चिकटवायला कुणी अडवलं होतं? कागद तयार न करता कोर्टावर खापर फोडायचं, हे बंद करा.

मुद्देसूद: व्हिपवरच सगळे अडकलात. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातल्या २(१)(अ)ला, म्हणजे स्वेच्छेने पक्ष सोडण्याला, व्हिप लागतच नाही. गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात, १९९४ साली, कोर्टाने सांगितलंय की राजीनामा न देताही वागणुकीवरून ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ असं ठरवता येतं.

कायदेपंडित: ते खरं. पण वागणूक सिद्ध करायलाही कागदच लागतात.

तळटीप: मूळ प्रश्नावर या. मुदत परिशिष्टातच लिहावी, एवढं मान्य करतो. हे काम अध्यक्षांकडेच ठेवावं का याचा विचार करा, असं कोर्टाने संसदेला २०२०मध्ये सांगितलं, २०२५मध्ये पुन्हा सांगितलं. पण माझ्या मते निवाडा अध्यक्षांचाच.

रोखठोक: मग हेही लिहा: मुदत टळली की निकाल लागेपर्यंत त्या आमदाराचं मतदान बंद. हे नसेल तर तुमची मुदत अध्यक्ष पाळणार नाहीत, आणि आम्ही पुन्हा सुप्रीम कोर्टातच जाऊ.