चौदाशे चौरस फुटांची मर्यादा: सापेलो बेटावरची गीची वस्ती कशी टिकावी?

खाजणवाट (धागाकर्ती):
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरच्या सापेलो बेटावर मी दोनदा जाऊन आले. पूल नाही, मेरिडियनच्या धक्क्यावरून बोटीने खाजणातून जायचं. बेट साडेसोळा हजार एकरांचं, आणि थोडकी जमीन सोडली तर सगळं राज्य सरकारचं. त्या थोडक्या जमिनीत, चारशेच्या वर एकरांत, हॉग हमॉक नावाची वस्ती आहे. तिथे गीची लोक राहतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे हे वंशज. आता कायमची राहणारी माणसं जेमतेम काही डझन.

त्यांच्यातल्या अनेकांचा पूर्वज बिलाली महंमद. १८०२ मध्ये बेटाचा मोठा भाग विकत घेणाऱ्या थॉमस स्पाल्डिंगच्या मळ्यावर तो मुकादम होता, स्वतःही गुलामच. त्याने अरबीत लिहिलेली तेरा पानं जॉर्जिया विद्यापीठात जपून ठेवली आहेत. गुलामी संपल्यावर या लोकांनी पैसे साठवून रॅकून ब्लफला जमीन घेतली, १८६६ मध्ये आपलं चर्च स्थापन केलं. पुढे १९३४ मध्ये तंबाखूवाल्या घराण्यातल्या आर. जे. रेनॉल्ड्स ज्युनियरने बेट घेतलं आणि १९५०-६०च्या दशकांत बाकीच्या वस्त्या मोडून सगळ्यांना हॉग हमॉकमध्ये आणून बसवलं. म्हणजे उरलेली वस्ती ही आधीच एकदा उठवलेल्या माणसांची आहे.

१९९४ पासून इथे १४०० चौरस फुटांपेक्षा मोठं घर बांधता येत नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मॅकिंटॉश काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी ही मर्यादा ३००० केली. रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितलं, काउंटी कोर्टात गेली, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारांचा हक्क मान्य केला.

माझं म्हणणं, जुनी मर्यादा राहिलीच पाहिजे. शेजारी धनिकाचा बंगला उभा राहिला की जमिनीचा भाव चढतो, आणि वाढीव घरपट्टी भरायची म्हातारीने. २०१२ च्या फेरआकारणीत हे होऊन गेलंय, काहींची घरपट्टी कित्येक पटींनी वाढली होती.

सावंतवाडीकर:
ताई, तळमळ पोचली, पण पटलं नाही. १९९४ ते २०२३ ही मर्यादा होतीच ना? तरी माणसं घटतच गेली. बेटावरची शाळा १९७८ मध्ये बंद झाली. पोरांनी रोज बोटीने जायचं, बोटीच्या वेळेवर नोकरी करायची, दवाखाना पलीकडे. अशा ठिकाणी तरुण जोडपं परत येत नाही, त्याचं कारण बंगले नाहीत. उलट दोन मुलं, आईवडील आणि एखादी आत्या असं कुटुंब परत आलं तर त्याला चौदाशे फूट कमीच पडणार.

आणि गरिबाजवळ जमीन सोडून काय असतं? तिचा पूर्ण भाव त्याला मिळू द्यायचा नाही, कारण आपल्याला ती वस्ती जुनी दिसलेली आवडते, हा कुठला न्याय?

खाजणवाट:
आपल्याला आवडतं म्हणून नव्हे. सह्या रहिवाशांनी आणि त्यांच्या नातलगांनी पुढाकार घेऊन काउंटीतल्या मतदारांकडून जमवल्या, अठराशेहून जास्त. मुंबईत चौदाशे फुटांत तीन पिढ्या राहतात हो.

सावंतवाडीकर:
मुंबईत नाइलाजाने राहतात. त्याचा दाखला देऊ नका.

वाटणीदावा:
दोघेही घराच्या आकारावर अडलात. खरा धोका कागदात आहे. तिकडे बरीच जमीन मृत्युपत्राशिवाय पिढ्यान् पिढ्या उतरलेली, सगळे वारस अविभक्त हिस्सेदार. आपल्या कोकणातल्या सामाईक सातबाऱ्यासारखंच. शहरात गेलेला एक चुलतभाऊ हिस्सा बिल्डरला विकतो, बिल्डर हिस्सेदार म्हणून वाटपाचा दावा लावतो, तुकडे पडत नाहीत म्हणून कोर्ट सगळीच जमीन विक्रीला काढतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या कुटुंबांच्या किती जमिनी अशा गेल्या!

आपल्याकडे १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ आहे. राहत्या घराचा हिस्सा परक्याने घेऊन वाटप मागितलं तर घरच्यांना तो विकत घेता येतो. जॉर्जियाने २०१२ मध्ये साधारण अशीच तरतूद केली, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा बाकीच्या वारसांना आधी घेता येतो. पण त्यासाठी मुदतीत रोख पैसे लागतात. माझ्या आजोळी नेमकं तिथेच अडलं. सगळ्या मावश्या मिळूनही रक्कम उभी राहिली नाही, आणि विहिरीसकट परसू गेलं. तेव्हा आधी वारसनोंदी आणि हिस्से परत घ्यायला निधी. चौरस फूट नंतर.

अबोली:
साउथ कॅरोलायनातलं हिल्टन हेड बघून या. १९५६ मध्ये पूल झाला, मागोमाग गोल्फ आणि फाटकबंद वसाहती आल्या, त्यांची नावंही 'प्लांटेशन', गुलामांच्या मळ्यांना म्हणायचे तेच. गल्ला-गीचींची, म्हणजे याच लोकांच्या तिथल्या भाऊबंदांची, काही जुनी दफनभूमी आज त्या फाटकांच्या आत आहे. स्वतःच्या आजीच्या कबरीवर जायला पहारेकऱ्याला सांगावं लागतं. मी ते पाहून आले आणि दिवसभर जेवण गेलं नाही. त्याच राज्यातल्या सेंट हेलेनाने १९९९ पासून गोल्फ आणि फाटकबंद वसाहतींना बंदी घातली, ते बेट अजून त्यांचं आहे. तेव्हा नियमांनी काही होत नाही असं म्हणू नका.

तंजावरची लेक:
संस्कृतीला जमीन लागतेच का, हा माझा प्रश्न. आम्ही साडेतीनशे वर्षं तमिळ मुलखात, तरी घरात मराठी बोलतो.

खाजणवाट:
बोलता, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण तुमच्या मागे दीडशे-पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य होतं. यांच्यामागे काय होतं? पाण्याने वेढलेली जमीन, एवढंच. त्या एकटेपणातच इंग्रजी आणि आफ्रिकी भाषा मिसळून त्यांची बोली झाली. कॉर्नेलिया वॉकर बेली या बेटावरच्या इतिहासकार २०१७ मध्ये गेल्या. त्यांनी शेवटी ध्यास घेतला तो सापेलोच्या लाल चवळीसारख्या शेंगांचा. ते पीक विकून जमीन टिकवायची असा त्यांचा हिशेब होता. बी आणि जमीन त्यांनी वेगळी मानलीच नाही.

सावंतवाडीकर:
अबोलीताईंचं हिल्टन हेड मनाला लागलं, घरपट्टीचा मुद्दाही मान्य. पण मग राग काउंटीच्या एका ठरावापुरता का? १९ ऑक्टोबर २०२४ ला, बेटाच्या सांस्कृतिक दिनालाच, सरकारी धक्क्यावरचा बोटीत चढण्या-उतरण्याचा पदपूल कोसळून सात माणसं गेली. तो २०२१ मध्ये बांधलेला होता. लोकांना धड ये-जा करता येईना, तिथे आपण घराचे फूट मोजतोय. सुरक्षित धक्का, वंशजांना घरपट्टीत कायमची सूट, आणि सरकारकडे एवढं बेट पडलंय त्यातली रॅकून ब्लफची जमीन परत. एवढं मागा, मग चौदाशेसाठी माझीही सही घ्या.

खाजणवाट:
तिन्ही मागण्या मला मान्य. रॅकून ब्लफला आज चर्च उभं आहे, वस्ती नाही. पण जमीन परत मिळायला वर्षं जातील. तोवर हॉग हमॉकमध्ये तीन हजार फुटांचे पाच-पन्नास बंगले झाले, तर परत येणाऱ्या पोराला शेजार कुणाचा मिळणार?