मदत हवी आहे: घरून काम करणारी टीम, माणसं सोडून चाललीत

वाटाड्या_पुणे
नऊ जणांची टीम आहे, सगळे घरून काम करतात. मी लीड. पाच महिन्यांत दोघांनी राजीनामा दिला, तिसरी देणार असं कानावर आलंय. समाधानाचा सर्व्हे झाला, त्यात आमची टीम तळाला. पगाराबद्दल कुणाची तक्रार नाही. कॉलवर "काही अडचण आहे का?" विचारलं की सगळे म्यूट. शुक्रवारी मॅनेजरला उपाय लिहून द्यायचेत. ज्यांनी असं निस्तरलंय त्यांनी लवकर सांगा. ऑनलाइन अंताक्षरी वगैरे करून झालंय, ते सुचवू नका.

मिरजकर
काम कसलं? माणसं कुठे कुठे आहेत? दिवसाला कॉल किती? एवढं तरी लिहा, नाहीतर सगळे अंधारात बाण मारणार.

वाटाड्या_पुणे
सपोर्टचं काम, एल-टू, म्हणजे पहिल्या पातळीवर न सुटलेल्या तक्रारी (तिकिटं) आमच्याकडे येतात. दोघं पुण्यात, बाकीचे जळगाव, सांगली, लातूर, अमरावती असे विखुरलेले. कॉल दोनच. सकाळी स्टँडअप (कोण काय करतंय ते सांगायचा छोटा कॉल) आणि रात्री क्लायंटबरोबर.

चिंचेचं_झाड
रात्री म्हणजे किती वाजता?

वाटाड्या_पुणे
क्लायंट शिकागोचा, त्यांचे सकाळचे दहा. म्हणजे आपले साडेआठ. नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेनऊ, ते थेट मार्चपर्यंत. सगळ्यांना सवय आहे.

चिंचेचं_झाड
सवय आहे असं त्यांनी सांगितलं की तुम्ही धरून चाललात?

गड_आणि_वाटा
कॅमेरा सक्तीचा करा. माझी चौदा जणांची टीम आहे, पहिल्या दिवसापासून हाच नियम. चेहरा दिसला की माणूस कळतो. अर्धं दुखणं तिथेच बरं होतं.

ओसरी
गड_आणि_वाटा, अजिबात सहमत नाही. मी लीड नाही, अशाच एका टीममध्ये आहे. घर दोन खोल्यांचं. कॅमेरा सुरू करायचा तर सासऱ्यांना टीव्ही बंद करून आतल्या खोलीत जावं लागतं, मुलाला जेवता जेवता उठवावं लागतं आणि मी कपाटाला पाठ लावून बसते, कारण घरात तेवढीच एक बाजू दाखवण्यासारखी आहे. रोज रात्री अर्धा तास. त्यात माझ्या वाट्याला बोलायची दोन वाक्यं. यातून तुम्हाला माणूस कसा कळणार?

गड_आणि_वाटा
ताई, तुमची अडचण मान्य. पण न बघता, न भेटता टीम बांधली जात नाही हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. मग आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला बोलवा.

मिरजकर
अमरावतीहून दोन दिवसांसाठी पुण्याला?

राउटरवाला
लाइट जाते का त्यांच्याकडे? राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावायला सांगा. घेताना राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवरचे अँपिअर बघून घ्या. आमच्याकडे लातूरला त्यानेच निभावतं.

अभ्यासिका
यावर झालेला एक प्रयोग सांगते. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१०-११ मध्ये कॉल सेंटरच्या काही लोकांना नऊ महिने घरून काम दिलं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. काम १३ टक्के वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे माणसं घरून काम असल्यामुळेच सोडून जातात, असं नाही. पण कामाच्या मानाने घरून काम करणाऱ्यांना बढत्या कमी मिळाल्या. काम चांगलं असूनही ते डोळ्यांसमोर नव्हते. म्हणून विचारते, तुमच्याकडे गेल्या वर्षी बढती कुणाकुणाला मिळाली?

वाटाड्या_पुणे
दोघांना. पुण्यातल्या. पण त्यांचं काम खरंच चांगलं आहे.

अभ्यासिका
असेलही. ते मॅनेजरला भेटतात का?

वाटाड्या_पुणे
बुधवारी ऑफिसला येतात. त्यांना हवं असतं म्हणून. हे आधी लिहायला हवं होतं, मला ते महत्त्वाचं वाटलं नाही.

चिंचेचं_झाड
आणि बाकीच्यांशी एकेकट्याने कधी बोलता?

वाटाड्या_पुणे
उत्तर द्यायला दोन दिवस लागले. जी सोडून गेली तिचं चॅट उघडून बघितलं. तीन महिन्यांतले माझे मेसेज: "अपडेट?" "झालं का?" "क्लायंट विचारतोय." "अपडेट?" यापलीकडे एक ओळ नाही. तिची आजी वारल्याचं तिने त्यात लिहिलंय, त्याखाली माझं "ओके, टेक केअर" आणि अकरा मिनिटांनी "ते तिकीट कुणाकडे देतेस?" मला हे आठवतही नव्हतं. वाचून हातपाय गळाले.

काल जळगावच्या सहकारी मुलीला फोन केला, कॅमेरा नाही, नुसता फोन. सुरुवातीला "सगळं ठीक आहे सर". मी गप्प बसलो. मग चाळीस मिनिटं बोलली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तक्रारीवर तिने वर्षभर नोंदी लिहून ठेवल्यात, पुण्यातले दोघं त्या वापरतात. मॅनेजरला त्या त्यांच्या वाटतात. मलाही तसंच वाटत होतं.

शुक्रवारच्या कागदात तीन गोष्टी लिहितोय. रात्रीचा कॉल सगळ्यांनी नाही, टीममधल्या कुणीतरी दोघांनीच पाळीपाळीने घ्यायचा. दर पंधरवड्याला मी प्रत्येकाला फोन करायचा, त्यात तिकिटांचं नाव काढायचं नाही. आणि बढतीसाठी कुणी काय केलं हे लिहून, नावासकट, मॅनेजरपुढे ठेवायचं. पहिलं नाव जळगावचं. अडतंय ते पहिल्या गोष्टीवर, रात्रीच्या कॉलवर. क्लायंटला सगळी टीम हजर हवी असते. त्यांना कसं सांगायचं?

मिरजकर
परवानगी मागू नका. दोन आठवडे करून दाखवतो म्हणा आणि कॉल संपल्यावर अर्ध्या तासात लेखी गोषवारा पाठवा, त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे कोण बघतंय त्याचं नाव. आमच्या क्लायंटने तिसऱ्या आठवड्यात बाकीचे कुठे आहेत हे विचारणंच सोडलं. आणि नोव्हेंबर लागायच्या आत करा.

ओसरी
पाळी ठरवताना कुणाला कुठला वार जमत नाही तेही विचारा. ते आम्हाला कुणी कधी विचारलं नाही.