थॅडियस स्टीव्हन्स: गुलामगिरीचा वैरी की लोखंडाचा कारखानदार?

खडूस वाचक: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचा, गुलामगिरीविरुद्ध लढलेला खासदार स्टीव्हन्स (१७९२-१८६८) याची निवडक पत्रं-भाषणं दोन खंडांत निघाली आहेत. माणूस मोठा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिल्यामुळे मी स्वतंत्र झाले, असं चॅरिटी बटलर ही गुलाम बाई सांगत होती. १८२१ मध्ये या वकिलाने मालकाची बाजू घेऊन तिला हरवलं. पुढे खासदार झाल्यावर परदेशी लोखंडावर जबर जकात हवी म्हणून भांडणारा हाच, आणि कॅलेडोनियाची लोखंडाची भट्टी कोणाची? याचीच!

बोरूबहाद्दर: वयाच्या २९व्या वर्षी घेतलेल्या एका अशिलावरून अख्खा जन्म मोजणार का? भट्टीने त्याला कर्जातच बुडवलं. ते फेडायला तर तो १८४२ मध्ये लँकेस्टरला वकिलीसाठी गेला. जून १८६३ मध्ये, गुलामगिरीवरून पेटलेल्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या जनरल अर्लीने ती मुद्दाम जाळली. त्यानंतरचं पत्र वाचलंत? काळजी कामगारांच्या कुटुंबांची, आणि पुढे म्हणतो, गुलामगिरीचा मागमूस उरला नाही तर हा सौदा स्वस्तात पडला.

खडूस वाचक: मुरलेला राजकारणी होता तो. आपली पत्रं चार लोक वाचतात हे त्याला ठाऊक नसेल? आणि जकातीचं उत्तर तुम्ही शिताफीने टाळलंत.

उंबरठा: जकात पेनसिल्व्हेनियातला जवळपास प्रत्येक नेता मागायचा, त्यात नवल काय? सप्टेंबर १८६५चं भाषण बघा. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. नुसता धंदा जपणारा कारखानदार मालमत्तेवर असा हात घालतो होय?

खडूस वाचक: हिशेब पुरा सांगा की. जप्ती ३९ कोटी ४० लाख एकरांची, त्यातले मुक्त गुलामांना ४ कोटी. उरलेल्या विकून मुख्यतः सरकारी कर्ज फेडायचं!

उंबरठा: ते चार कोटीही त्याच्या स्वतःच्या पक्षाने दिले नाहीत. बहुतेक कच खात असताना ठामपणे मागणाऱ्या मोजक्यांत हा होता. गोऱ्यांपुरती राखीव दफनभूमीही त्याने स्वतःसाठी नाकारली.

बोरूबहाद्दर: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या अशाच लोकांना अर्पण केली. त्यांनी कोणाच्या भट्ट्या तपासल्या नव्हत्या.

खडूस वाचक: त्यांच्यापुढे हे खंड नव्हते. तुमच्यापुढे आहेत.