नाशिकमधील ‘कॉकटील विनामूल्य देणे आहे’ या जाहिरातीच्या निमित्ताने

पिंपळपार :
“कॉकटील जोडी पिंजऱ्यासह विनामूल्य देणे आहे. रविवारपर्यंत न्यावी, अन्यथा पांडवलेणीच्या डोंगरावर सोडून देऊ,” अशी पाळीव पोपटांची जाहिरात काल आपल्या मंचावर इंदिरानगरच्या एका सभासदाने दिली आणि तिच्याखाली ‘किती मोठे मन’, ‘मुक्या जिवाला स्वातंत्र्य’ अशा प्रतिक्रियांची रांग लागली. ती वाचून गप्प बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉकटील हा तुरा असलेला छोटा पोपट मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्याकडे विकले जाणारे कॉकटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. दाणा कोठे शोधावा, शिक्रा हा शिकारी पक्षी दिसल्यावर कोठे दडावे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. त्यात नाशिकची हिवाळ्यातली रात्र. डोंगरावर सोडलेली जोडी कावळ्यांच्या तावडीतून आठवडाभर तरी तग धरेल, असे मला वाटत नाही.

‘विनामूल्य’ या शब्दालाही माझी हरकत आहे. फुकटच्या पक्ष्यासाठी सर्वांत आधी बहुधा विक्रेताच धावतो आणि तो पक्षी पुढे कोणाला विकला गेला, हे आपल्याला कधीच कळत नाही. थोडी रक्कम घ्यावी, घेणाऱ्याचे घर पाहावे, मांजर आहे का ते विचारावे, आणि पिंजरा स्वयंपाकघराजवळ टांगणार असतील तर स्पष्ट नकार द्यावा, कारण नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी पाहता पाहता मरतो. नीट सांभाळलेला कॉकटील १५ ते २० वर्षे जगतो. इतक्या वर्षांचे घर रविवारपर्यंत कसे ठरणार?

उंटवाडीकर :
आपले लेखन वाचून मुली पाहण्याच्या कार्यक्रमाची आठवण झाली. घर दाखवा, तवा दाखवा, मांजर दाखवा!

कॉकटीलच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी झडते, हे आपण सोयीस्करपणे लिहिलेले नाही. माझ्या पत्नीचा खोकला महिनोन्‌महिने थांबेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी पक्षी घरातून हलवा, असे बजावले. मी आपल्यासारखीच सगळी चौकशी आरंभली होती. थोडी रक्कम सांगितली, तर ‘म्हणजे विकायचाच आहे ना’ असे टोमणे ऐकावे लागले. ज्यांनी तासभर फोनवर प्रश्न विचारले, त्यांपैकी एकही दाराशी आला नाही. शेवटी देवळाली कॅम्पचे एक निवृत्त शिक्षक स्कूटरवर आले, चहासुद्धा न घेता पिंजरा घेऊन गेले, आणि तो पक्षी आजही त्यांच्या व्हरांड्यात शीळ घालतो आहे. आपल्या नियमावलीत हे गृहस्थ पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

पिंपळपार :
शिक्षक भले निघाले, हा आपला योग. अशा एका योगावर इतरांनी आपले पक्षी सोपवावेत, असा सल्ला मी देणार नाही. भुकटीचे मात्र मान्य. दमेकऱ्याच्या घरी कॉकटील देऊच नये, ही अट माझ्या नियमावलीत जोडून घेतो. आपल्याला नियम वाढलेले आवडतील, असे वाटत नाही.

इंदिरानगर-रथचक्र :
जाहिरात माझीच आहे. सोमवारी घरमालकांना किल्ली द्यायची आहे आणि नव्या ठिकाणी पक्षी ठेवू देत नाहीत, म्हणून रविवार. डोंगराचा उल्लेख मी काढून टाकला आहे, आपल्या साहित्यिक कावळ्यांना घाबरून. पैसे मात्र घेणार नाही. ज्या पक्ष्यांना मुलांनी हातावर भरवले, त्यांची किंमत लावणे मला जमणार नाही आणि त्यासाठी मला कोणी अपराधी ठरवू नये.

पाणथळ :
नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्याच्या पहाटे दुर्बीण घेऊन उभा राहणारा माणूस ही चर्चा कशी वाचतो, याची आपल्यापैकी कोणालाच कल्पना नाही. एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात नेण्याला आपण ‘नवे घर’ म्हणता. कॉकटील सोडू नये, हे मलाही मान्य आहे. पण निदान तो विकत घेण्यात गुन्हा तरी नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यावाड्यांत राघू टांगलेले आहेत, त्यांच्याबद्दल एकही सभासद अवाक्षर काढत नाही.

जुनी तांबट आळी :
मीच काढतो. माझ्या आजीच्या वाड्यात राघू होता. तो सकाळी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणायचा आणि शेजारपाजारची मुले त्याला पेरूची फोड भरवायची. कोणालाही त्यात गुन्हा दिसला नाही. आता आत्याकडचा राघू म्हातारा झाला आहे, आत्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली आहे आणि सुनेला पक्षी नको आहे. एखादे मायेचे घर सुचवा, एवढेच मागणे आहे.

कलम-उपकलम :
सुचवता येणार नाही. हा राघू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत, गेला आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विकणे दूरच राहिले, फुकट देणे आणि घेणेही अडचणीचे आहे. तो वनविभागाकडेच सोपवावा लागतो.

२०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर जी नोंदणी करतात, ती चौथ्या अनुसूचीतील परदेशी प्रजातींची, उदाहरणार्थ आफ्रिकन ग्रे पोपटाची. असा पक्षी दुसऱ्याला देताना तेही कळवावे लागते. कॉकटील आणि बजरी (हेही छोटे पाळीव पोपटच) त्या अनुसूचीत नाहीत, म्हणून रथचक्रवाल्यांनी निश्चिंत असावे.

जुनी तांबट आळी :
वा! ऑस्ट्रेलियाचा पक्षी खुशाल फुकट वाटा आणि आमच्याच आंब्यावरचा राघू सांभाळणारी ७८ वर्षांची आत्या गुन्हेगार. एका सरकारी कार्यालयात मी चौकशी करून आलो आहे. तेथील गृहस्थ म्हणाले, ‘कशाला कागद करता, झाडावर ठेवून द्या.’ ज्याचे पंख वर्षानुवर्षे कातरले, ज्याला पोळीच्या तुकड्याखेरीज काही ठाऊक नाही, त्याला झाडावर ठेवायचे?

पाणथळ :
आत्याबाईंचे वय पुढे करून मूळ प्रश्न झाकू नका. हिवाळा सरता सरता राघूची पिल्ले ढोलीत असतात. तेव्हा पोरे झाडावर चढतात, ढोली फोडतात आणि पिल्ले टोपलीत घालून नेतात. त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. उरलेल्यांपैकी एकाला आपल्या वाड्यात विठ्ठल म्हणायला शिकवले जाते. गिऱ्हाईक आहे, म्हणून ही टोपली भरते.

जुनी तांबट आळी :
माझ्या आजीवर आपण ढोली फोडल्याचा आरोप करत आहात. शब्द मागे घ्या.

पाणथळ :
फोडल्याचा नाही, विकत घेतल्याचा. मागे घेणार नाही.

उंटवाडीकर :
आता कॉकटील जोडीचे काय झाले, हे कोणी सांगेल का?

इंदिरानगर-रथचक्र :
म्हसरूळचे एक कुटुंब उद्या येते आहे. पिंपळपारांच्या समाधानासाठी तव्याचा प्रश्न विचारला. ते लोखंडी तवा वापरतात. त्यांच्याकडे आधीची बजरी आहेत.

पिंपळपार :
मग एकमेकांचे आजार लागू नयेत म्हणून महिनाभर जोडी वेगळ्या खोलीत ठेवायला सांगा आणि दाण्यांचे भांडे, चोच घासायचा समुद्रफेस, सगळे बरोबर द्या. दाणा एकाएकी बदलला, तर कॉकटील उपाशी राहतो. पैसे घेत नाही म्हणता, तर निदान महिन्याने छायाचित्र पाठवण्याचे वचन तरी घ्या.

कलम-उपकलम :
तांबट आळीकर, तोंडी विचारल्यास तोंडीच उत्तर मिळते. वनविभागाच्या नावाने लेखी अर्ज करा. पक्षी किती वर्षे आहे, पंख कातरलेले आहेत, तो स्वतः खाणे शोधू शकत नाही, हे त्यात नमूद करा आणि पोच घ्या. स्वतःहून सोपवणाऱ्याकडे कसे पाहिले जाईल, याची हमी मी देत नाही; पण झाडावर ठेवण्यापेक्षा हे बरे. कातरलेली पिसे झडून नवी येतात, तेव्हा तो उडेलही कदाचित. मात्र तो निर्णय तेथील पशुवैद्यकाचा.

जुनी तांबट आळी :
अर्ज करतो, पटले म्हणून नव्हे, दुसरा मार्ग आपण ठेवला नाही म्हणून. आणि पाणथळांना पक्ष्यांची एवढी कळकळ आहे, तर त्यांनी माझ्याबरोबर कार्यालयात यावे.

पाणथळ :
येतो. गुरुवारी सकाळी चालेल. पिंजऱ्यावर सुती कापड टाका, पाण्याची वाटी काढून पेरूची फोड ठेवा, आणि रिक्षात तो मांडीवर घ्या. आजींबद्दलचे वाक्य मात्र तसेच राहील.