सेकंडहँड बाईक घेतलीये, विकलीये, फसलायत? अनुभव सांगा (रोज ऑफिस, अधूनमधून घाट)

मंडळी, बजेट साठ हजार, ओढूनताणून पासष्ट. राहतो कासारवडवलीला, ऑफिस महाप्याला. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा पूल, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड, जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर. शिवाय महिन्यातून एखादा रविवार माळशेज नाहीतर अलिबाग, आणि गणपतीत चिपळूणला गावी. आत्तापर्यंत भावाची स्प्लेंडर चालवत होतो, ती आता त्याला परत हवीये. नवीन घेणार नाही, घराचा हप्ता चालू आहे आणि बायको म्हणाली घे पण कर्ज काढायचं नाही, विषय संपला. नुसती मॉडेलची नावं नका सांगू, ती मीपण रात्री एक वाजेपर्यंत बघत बसतो. काय बघून घेतली, कुठे आपटलात ते सांगा. लाज वाटत असेल तर सुरुवात मी करतो. गेल्या महिन्यात डोंबिवलीची एक पल्सर फोटोत आवडली, "दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला म्हणून गाडी न बघताच दोन हजार टोकन पाठवलं. स्टेशनला उतरून फोन लावला तर बंद. वडापाव खाऊन परत आलो.

कळव्यातून

मी फसलो पण मला कोणी फसवलं नाही, माझा मीच. बुलेटचं वेड कॉलेजपासून. २०१३ ची क्लासिक ३५० घेतली, गाडी खरंच चांगली होती, मालकाने जीव लावलेली. पहिल्याच रविवारी मुरबाडवरून माळशेजला गेलो, स्वर्ग. सोमवारी सकाळी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी आणि मागे कळवा नाक्यापर्यंत लाईन, दोनशे किलोच्या आसपासचं धूड फर्स्ट गियरमध्ये चाळीस मिनिटं ढकलतोय, क्लच दाबून डाव्या हाताचा पंजा बधिर, उजव्या पोटरीला इंजिनची शेक. असे महिन्याचे चोवीस सोमवार आणि स्वर्ग एकदाच. आठ महिन्यांत विकली, सहा हजाराचा तोटा. आता शाईन आहे, कोणी वळून बघत नाही, पण मी ऑफिसला वेळेवर पोचतो. वर्षाचे किती दिवस कुठल्या रस्त्यावर जाणार ते कागदावर मांड आणि मग गाडी बघायला जा.

खारघर

वरच्यांशी अर्धा सहमत. शाईन ठीकच आहे पण गणपतीत बायको मागे, बॅगा, पाऊस आणि पेणच्या पुढे गोवा हायवेची दरवर्षीची कहाणी, तिथे १२५ चा दम निघतो, ओव्हरटेक करताना देव आठवतो. दुसरीकडे "लांब जायचं तर ४०० सीसीच पाहिजे" म्हणणारेपण अतीच करतात. अरे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवर बंदी, फ्रीवेवर बंदी, मग आपण जाणार कुठून, तर शिळफाटा, कळंबोली, पनवेल करत जुन्या हायवेने खोपोलीला, ट्रकच्या मागे. तिथे कुठे उधळणार आहात? १५०-१६० मध्ये बघा. आणि शक्यतो एप्रिल २०१९ नंतरची, कारण तेव्हापासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कंपल्सरी झालं. पावसात सिमेंटच्या रस्त्यावर ऑईल सांडलेलं असतं तेव्हा कळतं ते कशाला हवं.

ऐरोली, पाण्यातली गाडी

जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर-वांगणीकडे शिरलं होतं, महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती तेव्हाचं आठवत असेल. मला नव्हतं आठवत. त्याच दिवाळीत कल्याणच्या पुढच्या एका डीलरकडून चकाचक एफझी घेतली, पॉलिश तर अशी की तोंड दिसावं, नवीन सीट कव्हर, नवीन ग्रिप, मी खूश. पहिले सहा महिने काही नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडीत भूत शिरलं. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागायचा, हॉर्न आपोआप, एकदा पटणी कॉम्प्युटर्सच्या सिग्नलला बंदच पडली. तीन मेकॅनिक झाले, बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला. चौथ्याने काही न बोलता हेडलाईट उघडला, आत वायरिंगच्या मागे वाळलेला गाळ, बोटाने खरवडून माझ्या हातावर ठेवला. कनेक्टर सगळे हिरवे पडलेले. पूर्ण हार्नेस, म्हणजे गाडीची सगळी वायरिंग, बदलावा लागला, खर्च विचारू नका. डीलर म्हणाला आम्हाला पण माहीत नव्हतं.

तेव्हापासून मित्रांसाठी गाडी बघायला गेलो की सीट काढायला लावतो, एअर फिल्टरचा डबा उघडायला लावतो, टूलकिटच्या खोबणीत बोट घालतो. बाहेरून धुता येतं, तिथे कोणी धूत नाही. जुन्या गाडीवर सगळे नटबोल्ट नवे चमकत असतील तरी विचारा का. थोडी धूळ, थोडे ओरखडे असलेली गाडी मला आता जास्त प्रामाणिक वाटते.

नेरूळची मी

बायकापण घेतात सेकंडहँड, सगळे "भावा भावा" करताय म्हणून लिहिते. मला हिमालयन हवी होती. सीटची उंची ८०० मिमी, माझी पाच फूट दोन इंच, दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती. एक्सपल्स तर त्याहून उंच. यूट्यूबवर सगळे म्हणतात सवय होते, पण सिग्नलला खड्ड्याच्या बाजूला पाय ठेवायची वेळ येते तेव्हा सवय नाही, पाय पोचावा लागतो. शेवटी अव्हेंजर २२० घेतली, पाय सपाट टेकतात, पाम बीचवर मजा, गोव्याला दोनदा जाऊन आले.

सांगायचं ते वेगळंच. एक विकणारा सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता, ज्याला गियरची गाडी येत नाही. तो बिचारा मान हलवतोय आणि मी तोवर इंजिनला हात लावला, गरम. सकाळी आठ वाजता, "दोन दिवस चालवलीच नाही" म्हणालेली गाडी गरम. थंड इंजिन स्टार्ट होत नसलं की आधीच पेटवून ठेवतात. आम्ही चहा घेतला आणि निघालो. तेव्हा आधी फोनवर सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करायची नाही, आणि गेल्यावर पहिला हात इंजिनला. स्टार्ट केल्यावर निळसर धूर येतच राहिला तर ऑईल जळतंय, पुढचं बोलूच नका.

सानपाडा, चार वर्षं गॅरेजात काढलेला

मीटरवर विश्वास ठेवू नका, क्लस्टर (मीटरचा पूर्ण डबा) बदलता येतो, केबल काढून ठेवता येते. मीटर २२ हजार दाखवतोय आणि फुटरेस्टचं रबर टक्कल, ब्रेक पॅडल घासून चकचकीत, किल्ली गुळगुळीत, तर ते २२ नाही बहात्तर आहे. मेन स्टँडला लावून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवायचं, मध्ये खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. हे छोटं काम आहे, भाव पाडायला चांगलं. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रिंग दिसली तर ऑईल सील, तेही छोटं. पण सरळ रस्त्यावर हात थोडे सैल सोडले आणि गाडी एका बाजूला ओढते, तर ती कुठेतरी जोरात ठोकलीये, चेसिसचं काम असू शकतं, सोडून द्या, कितीही स्वस्त असो. चेनच्या स्प्रॉकेटचे दात शार्कसारखे टोकदार झाले असतील तर किट धरून हिशोब करा.

वर्तकनगर

टायर! बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक होतं.

पाचपाखाडी, विकणाऱ्याच्या बाजूने

सगळे घेणाऱ्यांचं बोलतात. मी माझी डिस्कव्हर एका ओळखीच्या मुलाला दिली, पैसे घेतले, सह्या केल्या, "करतो नावावर" म्हणाला. दोन वर्षं ई-चलन माझ्या मोबाईलवर. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, नो एंट्री, मी घरी बसून त्याचं आयुष्य बघत होतो. मग एका संध्याकाळी पोलीस स्टेशनहून फोन, गाडीने कुणाला तरी धडक दिली. सुदैवाने किरकोळ होतं. पण आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याला मालक दिसतो, हे मला तिथल्या बाकड्यावर बसून कळलं.

फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) वर सह्या तर घ्याच, पण ऑनलाईन अर्ज दोघांनी समोरासमोर बसून करा, ओटीपी येतो. गाडीवर लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा) शिवाय नावावर होत नाही. गाडी घेण्याआधी नंबर टाकून चलन बघता येतं, प्रलंबित असेल तर किमतीतून कापा. इन्शुरन्सही नावावर करून घ्या, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. आणि एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीये का बघा.

मूळ प्रश्नवाला परत

घेतली! २०१९ ची युनिकॉर्न १५०, एबीएसवाली, एमएच ४३, छप्पन हजार. वाशीचे एक रिटायर्ड काका, सर्व्हिसच्या पावत्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये तारीखवार. मी सीट काढा म्हणालो तर काका म्हणाले "काढ ना, खाली माझी पक्कड सापडली तर दे." इंजिन थंड होतं, हात लावून बघितला. मागचा टायर २०१९ चाच निघाला, त्याचे दोन हजार कमी केले. लोन फिटलं होतं पण आरसीवरून बँकेचं नाव काढलंच नव्हतं, त्यासाठी काका दोनदा बँकेत गेले, मी एकदा त्यांच्याबरोबर. तीन आठवडे त्यातच गेले, पण पूर्ण पैसे त्यानंतरच दिले.

विटाव्याला परवा अर्धा तास अडकलो, हात दुखला नाही. मागच्या सीटवरून बायकोचा एकच शेरा, "हिचा आवाजच येत नाही."

नवा टायर टाकलाय. रविवारी माळशेज, पहाटे साडेपाचला माजिवडा नाका. कोण येतंय?

कळव्यातून

मी. शाईनवर. घाटात थांबशील ना माझ्यासाठी?