गमतीचं गाणं म्हणजे हलकं गाणं? ('पीचेस' वाजलं आणि गुण कापले)

मिक्सरवाला_राजारामपुरी
मंडळी, परवा इथं कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बँड स्पर्धा होती, साऊंड माझा होता. तीन पोरांनी 'पीचेस' घेतलं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सिएटलचा तीन जणांचा बँड, नाव 'द प्रेसिडेंट्स ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका'. नावापासूनच फाजीलपणा. गाणं १९९५ च्या पहिल्या अल्बममधलं, सिंगल म्हणून १९९६ ला आलं. विषय काय, तर गावाकडं जाऊन पोटभर पीच खायचे. बास, एवढंच. व्हिडिओत तर बागेत निंजांशी मारामारी आहे.

दुसऱ्या धृपदाला मागच्या रांगेतली पोरं बेंचवर चढून ओरडत होती. परीक्षक म्हणाले, "हात चांगला आहे, पण रॉकला गांभीर्य लागतं. हे गमतीचं गाणं." तिसऱ्या नंबरातसुद्धा नाहीत.

साऊंड चेकला मी काय बघितलं ते सांगतो. मूळ बँडची खोड अशी की एका गिटारला दोनच जाड तारा, दुसरीला तीन. पोरांनी तस्संच केलेलं. साध्या गिटारच्या नटात (मानेच्या टोकाची तारा बसवायची खाचांची पट्टी) बास गिटारची जाड तार बसेना, तर एकानं कानस घेऊन खाच घासलेली. नटाखाली पांढरा भुगा अजून चिकटलेला होता. दोन तारांवर लपायला जागाच नसते, बोट जरा घसरलं की अख्ख्या हॉलला कळतं. त्यांचं एकदाही घसरलं नाही. गुण कापले ते माझ्या मते चूक.

ख्याल_आणि_चहा
परीक्षकांची बाजू मी घेतो. अल्लादियाखाँसाहेबांसारखे ख्यालगायक ज्या गावात राहिले, जिथं देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून आहे, तिथं "पब्लिक नाचलं" हा निकष कसा चालेल? विनोद पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा ओठ हलतात, तिसऱ्यांदा आपण पुढचं गाणं लावतो. या बँडचंच बघा, १९९८ ला मोडला. पुढं परत जमले, पण लोकांच्या लेखी ते पीचवालेच राहिले.

पेठेतला_भावड्या
दोन तारांचं काय कौतुक लावलंय, आपल्या शाहिराच्या तुणतुण्याला एकच तार असती की! तेवढ्यावर रात्र काढतोय गडी. आन् सोंगाड्या नसला तर वगाला कोण थांबतंय? नाथांनी भारुडात इंचू नाचवला, त्येला कुणी हलकं म्हणलं न्हाई. पोरांनी नाद खुळा वाजवलंय. इषय संपला.

ख्याल_आणि_चहा
@भावड्या, इथंच घोळ आहे. नाथांचा विंचू म्हणजे काम-क्रोध, हसता हसता माणूस आत वळतो. पीचच्या आत काय आहे? कोय.

भावड्याला हसू आलं असेल, पण मी मुद्दा सोडणार नाही.

आयटीतली_कोल्हापूरकरीण
त्या वेळचा काळ बघा ना. सिएटल म्हटलं की ग्रंज, म्हणजे तिथलं उदास, खरखरीत रॉक, लांब चेहरे, १९९४ ला 'निर्वाणा' बँडचा गायक कर्ट कोबेन गेलेला. त्याच गावातून ही पोरं फळांवर गाणं घेऊन आली, आणि बांधणी मात्र ग्रंजचीच ठेवली: कडवं हळू, धृपद एकदम अंगावर. विनोद कळायला तो सगळा उदास माहोल कानात असावा लागतो. लोकांनी घेतलंही. ब्रिटनमध्ये ८ वा नंबर, अमेरिकेत २९ वा. १९९७ ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि हरले कुणाकडून? बीटल्सकडून! तशी हार मी फ्रेम करून लावीन.

ख्याल_आणि_चहा
नामांकन बाजारातही मिळतं. आणि तोच गायक, क्रिस बॅल्यू, पुढं 'कॅस्पर बेबीपँट्स' या नावानं लहान मुलांची गाणी करू लागला. माझंच म्हणणं सिद्ध झालं की.

आयटीतली_कोल्हापूरकरीण
उलट झालं! माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला कंटाळवाणं गाणं ऐकवून दाखवा, अर्ध्या मिनिटात चपला घालून दारात.

ऊस_आणि_ड्रम्स
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. वाजवलं भारी, मी हजर होतो. पण पीच आपण खातो कधी? गाण्यात येतं ते डब्यातलं फळ हा त्यांच्या स्वयंपाकघरातला विनोद. आपल्या पोरांनी तो जसाच्या तसा म्हटला, आणि हॉल हसला तो गिटारच्या आवाजावर, शब्दांवर नाही. गुऱ्हाळावर गाणं करा. काहिलीभोवतीची वाफ, ढेपेला चिकटलेली माशी, गरम काकवीनं भाजलेली जीभ... मग बघू परीक्षकांना गांभीर्य आठवतं का.

पेठेतला_भावड्या
ह्ये पटलं गड्या. पर गुण कापायचं कारण न्हवं ह्ये.

मिक्सरवाला_राजारामपुरी
@ऊस, पोरांना हा धागा दाखवला. गुऱ्हाळाचं डोक्यात घेतलंय, ड्रमवाल्याचा मामा करवीर तालुक्यात गुऱ्हाळ चालवतो म्हणे. @ख्याल, तुमच्या प्रतिसादातली 'कोय' पोरांना फार आवडली, बँडचं नाव तेच ठेवणार आहेत. रागावू नका.

एक अडचण आहे. नटाची खाच घासली ती घासली, आता त्या गिटारवर पातळ तार टाकली की नुसती कुरकुरते. गिटार थोरल्या भावाची आहे आणि तो रविवारी पुण्याहून येतोय. गावात नट बदलून देणारं कुणी माहीत असेल तर शनिवारच्या आत कळवा.