शब्दचर्चा : बुद्धिबळातली ‘अंतःप्रेरणा’, ‘नजर’ आणि ‘अटकळ’

प्रश्न
बुद्धिबळाच्या समालोचनात ‘ही चाल त्याने अंतःप्रेरणेने केली’ असे वाक्य सारखे येते. कोणी ‘उपजतबुद्धी’ लिहितात, कोणी ‘अंतर्ज्ञान’. तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि ‘अनुभवाने केलेली चाल’ यांहून वेगळी असते का?

प्रतिसाद १
‘उपजतबुद्धी’ आधी बाजूला काढा. उपजत म्हणजे जन्मासोबत आलेले, आणि पटावरची समज तशी येत नाही. १९७३ साली चेस आणि सायमन या मानसशास्त्राच्या संशोधकांनी खेळाडूंना खऱ्या डावातली स्थिती ५ सेकंद दाखवून सोंगट्या मांडायला लावल्या. मास्टर दर्जाच्या खेळाडूने पहिल्याच नजरेत सुमारे १६ बरोबर मांडल्या, नवख्याने सुमारे ४. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्यावर मात्र फरक जवळजवळ नाहीसा झाला. याचा अर्थ मास्टरची स्मरणशक्ती सरसकट दांडगी नव्हती. त्याला ओळखीच्या रचना दिसत होत्या.

म्हणून मला ‘नजर’ हा शब्द सर्वांत नेमका वाटतो. बोलताना आपण ‘त्याला चाल दिसली’ असेच म्हणतो. कविता स्फुरते, युक्ती सुचते, चाल दिसते. ‘अंतःप्रेरणा’ या शब्दात आतून ढकलणारे काहीतरी आहे, ओळखीचा भाग त्यात येत नाही. ‘अंतर्ज्ञान’ अध्यात्मातच शोभते.

प्रतिसाद २
‘नजर’ मान्य, पण तिच्यापुढे ‘हिशेब’ हा शब्द ठेवल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. नजर चाल पुढे करते, हिशेब ती तपासतो. उदाहरण एच७ वरच्या उंटाच्या बळीचे, म्हणजे हल्ल्यासाठी तिथे उंट मुद्दाम मारू देण्याचे घ्या (एच७, डी३ ही पटावरच्या घरांची नावे). पांढऱ्याचा उंट डी३ वर, घोडा एफ३ वर, प्यादे ई५ वर. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केलेला, म्हणजे राजा जी८ वर नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणलेला, आणि एफ६ वर घोडा नाही. सराव असलेल्याला इथे क्षणात दिसते : उंट एच७ वर शह, राजाने उंट मारला की घोडा जी५ वर शह, मग वजीर एच५.

इथपर्यंत नजर. आता हिशेब. काळ्याचा वजीर किंवा ई७ वरचा उंट जी५ वरचा घोडा मारू शकतो का? राजा जी८ वर परतला तर एच७ चे घर राखायला त्याचा उंट एफ५ वर किंवा घोडा एफ८ वर पोचतो का? राजा परत न जाता जी६ वर पुढे आला तर हल्ला चालू ठेवणारी चाल आहे का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर काळ्याच्या बाजूने गेले, तर उंट फुकट जातो. चित्र तेच राहते, एक सोंगटी एका घराने सरकलेली असते, आणि नजर फसते ती नेमकी इथे.

हिशेब करूनही शेवट दिसत नसेल आणि तरी खेळाडू बळी देत असेल, तर त्याला मी ‘अटकळ’ म्हणेन. अपुऱ्या माहितीवर बांधलेला अंदाज, पण जाणकाराचा. समालोचक नजर आणि अटकळ दोन्हींना ‘अंतःप्रेरणा’ म्हणून मोकळे होतात, आणि वाचकाला काय घडले ते कळतच नाही.

प्रतिसाद ३
अनुभवाबद्दल. ‘सराव’ आणि ‘अनुभव’ एक नव्हेत. हजार जलद डाव खेळून डाव मिटवले की सराव होतो, पण चुकाही त्याच बसतात. हरलेला डाव पुन्हा मांडून, चाल कुठे चुकली, तिथे दुसरी कोणती होती हे संगणकाला विचारण्याआधी स्वतः शोधले, तर तो अनुभव. नजर त्यातून तयार होते.

ती तयार झाल्यावरचा धोकाही ध्यानात घ्यावा. २००८ साली बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी तरबेज खेळाडूंना अशी स्थिती दिली, की जिच्यात घोड्याची ओळखीची कोंडून मात (राजा आपल्याच सोंगट्यांनी कोंडलेला असताना दिलेली) होती, पण तिच्याहून कमी चालींत होणारी दुसरी मातही होती. ओळखीची मात सापडल्यावर अनेकांना दुसरी सापडली नाही. आम्ही शोधतोय असे ते सांगत होते, पण डोळे पहिल्या उत्तराच्याच घरांवर रेंगाळत होते. यावर उपाय साधा आहे : चाल दिसली की हात आवरायचा, आणि प्रतिस्पर्ध्याचे सगळे शह, मग मारामारी, मग धमक्या याच क्रमाने पाहायच्या. शांत स्थितीत, म्हणजे कोणता हत्ती मोकळ्या पट्टीवर आणायचा अशा प्रश्नात, एवढे खोदायची गरज नसते. तिथे नजरेवर विसंबावे.

जाता जाता, ‘मुरब्बी खेळाडू’मधला मुरब्बी ‘मुरणे’पासून आलेला नाही. तो अरबीतून आला, मूळ अर्थ पालन करणारा, आश्रयदाता. मराठी कानाला मात्र त्यात मुरलेले लोणचे ऐकू येते, आणि आजचा अर्थ त्या ऐकण्यानेच पक्का केला असावा.

प्रश्नकर्ता
म्हणजे एच७ चा बळी ‘नजरेने पाहिला, हिशेबाने तपासला’ असे लिहायचे, आणि शेवट न दिसताच दिला असेल तर ‘अटकळीने दिला’. ‘आडाखा’ मात्र मी स्थितीच्या अंदाजासाठी राखून ठेवतो : ‘हत्तींच्या शेवटात बरोबरी होईल असा त्याचा आडाखा होता.’